लॅपटॉप मंद नव्हता, मंद ठेवला होता

आपल्या वस्त्यांमध्ये संगणक दान घेण्याचे कार्यक्रम भरपूर होतात. हार, फोटो, दोन भाषणे, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर देणाऱ्याच्या नावाची पाटी. त्या संगणकाच्या आत आधीच्या माणसांनी काय काय लिहून ठेवले आहे, हा प्रश्न मात्र मी एकाही कार्यक्रमात ऐकलेला नाही. संगणक म्हणजे लोखंडी कपाट, आपण आत ठेवू तेच सापडेल, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. यंत्रासोबत निर्णयही येतात. ते कोणी घेतले, कशासाठी घेतले, आज त्यांची गरज आहे का, हे विचारल्याशिवाय यंत्र खऱ्या अर्थाने आपले होत नाही.

हे मी एका लॅपटॉपच्या आधारे मांडणार आहे. माझे शिक्षण समाजशास्त्रात एम.ए. झाले आहे, संगणकाची पदवी माझ्याकडे नाही. ‘मग तुम्ही यात कशाला पडता’ असे म्हणणाऱ्यांना उत्तर पुढे येईलच.

लोणी देवकर हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. भिगवण सोडून इंदापूरकडे निघालात की लागते. एका अंगाला उजनीचे फुगवट्याचे पाणी, चहूकडे ऊस, आणि एमआयडीसी. वस्तीतली बरीच पोरे एमआयडीसीत पाळीवर जातात आणि उरलेल्या वेळात भरतीचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. त्यांच्यासाठी एका खोलीत आम्ही अभ्यासिका चालवतो. तिथे २०१८ साली एक जुना लॅपटॉप होता, दान आलेला. इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी मेमरी, बॅटरी मेलेली, त्यामुळे सतत वायरीवर. त्यावर उबुंटू १६.०४ ही लिनक्सची आवृत्ती होती. तिला परवाना लागत नाही, पैसे पडत नाहीत, म्हणून देणाऱ्यांनी तीच टाकून दिली होती. त्यात काही गैर नाही, उलट चांगलेच आहे.

या लॅपटॉपच्या दोन तक्रारी होत्या आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट होत्या. बरेच दिवस तो इतका मंद चालायचा की मराठीत टाईप केलेली अक्षरे बोट उचलल्यावर सावकाश उमटायची. शिष्यवृत्तीच्या अर्जात दाखल्याची प्रत जोडायला घेतली की खिडकी पांढरी पडायची. संकेतस्थळाने दिलेली ठरावीक मिनिटे संपायची आणि सगळे पहिल्यापासून. मधूनच एखाद्या दिवशी मात्र तोच लॅपटॉप झपाझप चालायचा. त्या दिवशी पोरे खूश व्हायची, पण अर्ध्या-पाऊण तासात तो अचानक बंद पडायचा. अर्ज अर्धा भरलेला, पडदा काळा. एप्रिल-मे महिन्यात तर हमखास.

याचे कारण शोधण्याऐवजी पोरांनी उपाय शोधून काढले. आधी चार्जर लावायचा, मग बटण दाबायचे, उलटे केले तर मंद चालतो. दोनदा बंद-चालू केला की ‘सुटतो’. सकाळी बरा असतो, दुपारी बिघडतो. एकाने तर शनिवारी लावायचाच नाही असे ठरवले होते. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या पोरांच्या खोलीत हा नवा शकुन-अपशकुन सुरू झाला होता. याचे मला हसू आले आणि काळजीही वाटली. त्यांना दोष देण्यात मात्र अर्थ नव्हता. ज्या गोष्टीचे कारण दिसत नाही आणि जी कधी घडते, कधी घडत नाही, तिच्याभोवती माणूस विधी तयार करतो. शिवाय ‘दोनदा बंद-चालू केला की सुटतो’ यात थोडे तथ्यही होते, ते पुढे कळले.

मला जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. बारावीला असलेली एक मुलगी मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी याच लॅपटॉपवर करत होती. मिनिटाला तीस शब्दांचा सराव. तिचा वेग काही केल्या वाढेना. एक दिवस तिने मला विचारले, “दादा, माझाच हात हळू हाय का ओ?” शेजारी बसलेल्या एका शिकवणाऱ्या माणसाने माझ्या आधीच उत्तर दिले, “सवय नाही ना तुम्हाला, घरी कुठं संगणक असतो.” तो वाईट माणूस नव्हता. पण यंत्राची मंदगती त्याने एका क्षणात मुलीच्या घरावर, तिच्या वस्तीवर ढकलली, आणि मुलीने ती मान्य केली. या एका वाक्यामुळे मी त्या लॅपटॉपच्या मागे लागलो.

आता थोडे यंत्राच्या कामाबद्दल. प्रोसेसर एका सेकंदाला किती ठोके टाकतो त्यावर त्याचा वेग मोजतात. आमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर जास्तीत जास्त २.४ गिगाहर्ट्झने चालणारा, म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके. पण तो कायम त्याच वेगाने पळत नाही. इंटेलने २००० साली लॅपटॉपच्या पेंटियम थ्री प्रोसेसरमध्ये वेग कमी-जास्त करण्याची सोय आणली आणि तेव्हापासून ही गोष्ट रुळली. आमच्या प्रोसेसरला तीन पायऱ्या होत्या : ८०० मेगाहर्ट्झ, १६०० आणि २४००. काम नसेल तर खालच्या पायरीवर बसायचे, काम आले की वर चढायचे. वेग उतरला की लागणारा व्होल्टेजही उतरवता येतो. विजेचा खर्च आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या प्रमाणातही वाढते. म्हणून एक पायरी खाली उतरल्यावर वेग जेवढा कमी होतो त्याहून जास्त उष्णता कमी होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडला.

कोणत्या वेळी कोणती पायरी घ्यायची हे ठरवणाऱ्या भागाला लिनक्समध्ये गव्हर्नर म्हणतात. राज्यपाल नव्हे. ज्यांच्या शेतावर जुने डिझेल इंजिन आहे त्यांना हा शब्द नवा नाही. भार वाढला की इंजिनाला तेल जास्त सोडणारा आणि भार कमी झाला की तेल तोडणारा तो गव्हर्नर. काम तेच. लिनक्समध्ये असे गव्हर्नर अनेक आहेत. ‘परफॉर्मन्स’ नावाचा कायम वरच्या मर्यादेवर ठेवतो. ‘पॉवरसेव्ह’ कायम खालच्या. ‘ऑनडिमांड’ हा कामाप्रमाणे चढ-उतार करतो. तो लिनक्सच्या गाभ्यात २.६.९ या आवृत्तीपासून, म्हणजे २००४ पासून आहे. यातला कोणताही गव्हर्नर निवडला तरी त्याच्या डोक्यावर एक कमाल मर्यादा असते, आणि ती वेगळ्या ठिकाणी लिहिलेली असते. गव्हर्नर त्या मर्यादेच्या वर जाऊ शकत नाही. ‘परफॉर्मन्स’ असे नाव असले आणि मर्यादा ८०० वर बांधलेली असली, तर त्याचा सगळा पराक्रम ८००.

लिनक्सची एक गोष्ट मला फार आवडते. यातली बहुतेक माहिती साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये उघडून वाचता येते. कुलूप नाही. प्रोसेसरच्या नावाने एक कप्पा असतो, त्यात दोन वेगळ्या ओळी मिळतात. एक सांगते की यंत्राची अंगभूत क्षमता किती. दुसरी सांगते की सध्या त्याला किती वेगाची परवानगी आहे. आमच्याकडे पहिलीत २४००००० लिहिले होते (हा आकडा किलोहर्ट्झमध्ये असतो). दुसरीत ८०००००. म्हणजे क्षमतेच्या एक तृतीयांश. गव्हर्नर कोण, तर ऑनडिमांड. सगळे सुरळीत दिसावे असे नाव. माहितीच्या खिडकीत मात्र प्रोसेसरच्या नावासोबत ‘२.४० गिगाहर्ट्झ’ असे ठळक छापलेले, त्यामुळे जो कोणी बघायला आला तो ती पाटी वाचून म्हणाला, वेग तर चांगला आहे, तुमचे इंटरनेटच मंद असेल.

इथे जातिव्यवस्थेचे रूपक करायचा मोह कोणालाही होईल. मी करत नाही. प्रत्येक गोष्टीला रूपक बनवले की ती गोष्ट दुरुस्त करायची राहून जाते.

मी एक वही घातली. लॅपटॉप चालू केला की पाच मिनिटांनी ती परवानगीची ओळ वाचायची आणि तारखेसमोर आकडा लिहायचा. कोणीही लिहावे, फक्त रोज लिहावे. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झाले. बहुतेक दिवशी ८०००००. मधूनच २४०००००. जेव्हा २४००००० तेव्हा लॅपटॉप पळायचा आणि तापून बंद पडायचा. जेव्हा ८००००० तेव्हा रांगायचा, पण बंद पडायचा नाही. वार, चार्जर, सकाळ-दुपार यांचा काही संबंध नव्हता. शनिवारचा आरोपही खोटा ठरला. राहिलेला प्रश्न एवढाच : हा आकडा बदलतो कोण?

यंत्र सुरू होताना अनेक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहिलेल्या लहान फाइली, आपोआप चालतात. त्यांची यादी काढून एकेक उघडली. इंग्रजी आज्ञा वाचायला वेळ लागला, पण एखादा सरकारी जी.आर. वाचण्यापेक्षा ते सोपे होते. वेगाला हात लावणाऱ्या तीन फाइली सापडल्या.

पहिली उबुंटूची स्वतःची, ‘ऑनडिमांड’ नावाची. ती यंत्र सुरू झाल्यावर ६० सेकंद नुसती थांबते आणि मग गव्हर्नर ऑनडिमांड करते. थांबण्यामागे विचार आहे : सुरू होताना आणि लॉगिन होताना यंत्राला पूर्ण जोर मिळावा, नंतर विजेची बचत सुरू व्हावी. ती कमाल मर्यादेला हात लावत नाही.

दुसरी ‘थंडा’ या नावाची. उबुंटूची नव्हे, कोणीतरी हाताने लिहून सुरुवातीच्या यादीत बसवलेली. आत मोजून चार-पाच ओळी. त्यांचे काम एकच : कमाल मर्यादा ८०००००.

तिसरी ‘सीपीयूफ्रिकयुटिल्स’ या पॅकेजची. हे पॅकेज उबुंटूत आपोआप येत नाही, कोणीतरी मुद्दाम टाकावे लागते. त्याच्या मांडणीच्या फाइलीत कोणीतरी लिहून ठेवले होते : गव्हर्नर परफॉर्मन्स, कमाल वेग २४०००००.

तिघांचे काम एकच, वेग ठरवणे. तिघांना एकमेकांचा पत्ता नाही. उबुंटूत २०१५ पासून ‘सिस्टमडी’ ही सुरुवात करणारी व्यवस्था आहे. ती वेळ वाचवण्यासाठी अनेक कामे एकाच वेळी सुरू करते. अमुक काम तमुकच्या नंतर करा, असे स्पष्ट लिहिले असेल तर ती क्रम पाळते. लिहिले नसेल तर जो आधी संपेल तो आधी. ‘थंडा’ आधी की ‘सीपीयूफ्रिकयुटिल्स’ आधी, हे कुठेच लिहिलेले नव्हते. म्हणून रोज सकाळी दोघांची शर्यत लागायची, आणि जो मागे राहायचा तो जिंकायचा. कारण शेवटची आज्ञा आधीची पुसून टाकते. बहुधा ‘थंडा’ शेवटी यायची, मग दिवसभर ८००. एखाद्या दिवशी डिस्क अडखळली, क्रम फिरला, की २४००. पोरे दोनदा बंद-चालू करायची ती नकळत ही शर्यत पुन्हा लावायची. आणि कोणीही जिंको, साठ सेकंदांनी उबुंटूची फाइल येऊन गव्हर्नरची पाटी बदलून ऑनडिमांड करून जायची, त्यामुळे आधी काय घडले याचा मागही बुजायचा. ज्याने तिसरी फाइल बसवली त्याने पहिल्या मिनिटात तपासले असेल तर त्याला ‘परफॉर्मन्स’ दिसले असेल, आणि तो समाधानाने निघून गेला असेल.

शेतकऱ्यांना हे सांगताना मी ऑटोस्विचचे उदाहरण देतो. वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून प्रत्येकाने ऑटोस्विच बसवला. प्रत्येकाच्या विहिरीपुरता निर्णय शहाणपणाचा. पण वीज आल्याबरोबर सगळे पंप एकदम उठतात आणि रोहित्रावर भार पडतो, म्हणून महावितरणला वारंवार सांगावे लागते की ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. लॅपटॉपचे त्याहून वाईट होते. इथे पंप एकच आणि त्याला एक सुरू करणारा, एक बंद करणारा असे दोन ऑटोस्विच.

आता कोणी म्हणेल, ज्याने ‘थंडा’ बसवली तो मूर्ख किंवा दुष्ट. मीही आधी तसेच म्हणणार होतो. पण वहीतला दुसरा रकाना आडवा आला : २४०० च्या दिवशी यंत्र बंद पडते. म्हणजे ‘थंडा’ लिहिणाऱ्याला काहीतरी दिसले होते. लॅपटॉप तापून बंद पडतो हे त्याने पाहिले आणि वेगाची दोरी आवळली. तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की प्रोसेसर जळू नये म्हणून व्यवस्था स्वतःच यंत्र बंद करते, हे त्याला माहीत असणार. नंतर दुसरा कोणी आला, त्याला यंत्र मंद दिसले, त्याने दोरी सोडायची फाइल बसवली. दोघेही मदत करायला आले होते, दोघांचेही निदान आपापल्या दिवसापुरते बरोबर होते. आधी कोणी काय केले हे दुसऱ्याने पाहिले नाही, आणि पहिल्याने का केले ते लिहून ठेवले नाही. रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ साली हेतुपूर्वक केलेल्या कृतींच्या अनपेक्षित परिणामांवर निबंध लिहिला, तो आम्हाला एम.ए.ला होता. परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिले आहे. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण पुस्तकात नव्हते.

म्हणून मी ‘थंडा’ लगेच पुसली नाही. ती पुसली असती तर लॅपटॉप रोज पळाला असता आणि रोज बंद पडला असता, तेही शिष्यवृत्तीच्या शेवटच्या आठवड्यात. आधी तो तापतो का, ते पाहायचे ठरवले. इंदापूरला एका दुरुस्तीवाल्याकडे बसून लॅपटॉप खोलला. पंख्यापुढच्या जाळीवर धुळीची आणि काळ्या काजळीची जाड गादी बसली होती, बोटाने अख्खी निघाली. आमच्याकडे ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, त्याची काळी कुसळे वाऱ्याने गावभर येतात. अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, ताटात. ती पंख्यात जाणार नाहीत असे कसे होईल? त्यात महामार्गाची धूळ. प्रोसेसर आणि पंख्याच्या धातूमध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो, तोही वाळून पापडी झाला होता. जाळी साफ केली, लेप नवा लावला. याला जो खर्च आला तो आम्ही आमच्या एका जयंतीच्या मिरवणुकीत फटाक्यांवर अर्ध्या तासात करतो. हे वाक्य काहींना टोचेल. टोचू द्या.

त्यानंतर अभ्यासिकेत बैठक घेतली. मुद्दा एकच : या लॅपटॉपचा वेग कोणी ठरवायचा आणि कुठे लिहायचा? मी उत्तर सांगितले नाही, तिन्ही फाइली मोठ्याने वाचल्या आणि प्रत्येकीचे काम मराठीत समजावले. पोरांनीच ठरवले की एकच जागा ठेवायची. ‘थंडा’ सुरुवातीच्या यादीतून काढली. उबुंटूची ‘ऑनडिमांड’ फाइलही सुरुवातीला चालणार नाही अशी केली, पुसली नाही. कारण तिचे काम आता तिसऱ्या फाइलीकडे दिले : गव्हर्नर ऑनडिमांड, परफॉर्मन्स नव्हे. काम नसताना यंत्राने विनाकारण पळावे कशाला? कमाल वेग २४००. मग टायपिंगवाल्या मुलीने विचारले, “आणि मे महिन्यात?” प्रश्न रास्त होता. साफ केलेला असला तरी पत्र्याच्या खोलीत दुपारी चाळीस-बेचाळीस अंश असताना हे जुने यंत्र कितपत टिकेल? म्हणून ठरले की उन्हाळ्याचे दोन महिने कमाल १६००. वेग एक तृतीयांशाने कमी होईल, उष्णता त्याहून जास्त उतरेल, आणि टायपिंगला, अर्जाला १६०० पुरते. ८०० आणि २४०० यांच्या भांडणात ही मधली पायरी कोणाला दिसलीच नव्हती. अत्त दीप भव आपण भाषणात म्हणतो. त्या दिवशी ते भाषण न करता झाले.

मांडणीच्या फाइलीत आज्ञेच्या वर शेरा लिहिण्याची सोय असते, यंत्र तो वाचत नाही, माणसाने वाचायचा असतो. तिथे आम्ही तारीख लिहिली, निर्णय लिहिला आणि कारण लिहिले. तेच वहीतही लिहिले. आता कोणी मदत करायला आला की पोरे त्याला आधी वही देतात. एक-दोघे चिडलेही.

एवढ्याने सगळे सुटले असा दावा मी करणार नाही. शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ शेवटच्या दिवशी रडायचे ते रडतच राहिले. दोन जीबी मेमरीत आजचे ब्राउझर मावत नाहीत ते नाहीतच. पण अक्षरे बोटाबरोबर उमटायला लागली. त्या मुलीचा हात हळू नव्हता. ती परीक्षा पास झाली. ज्याने तिला सवयीचे कारण सांगितले होते, त्याने पुढे स्वतः येऊन वहीत आकडा लिहायला सुरुवात केली, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवे.

आता त्या प्रश्नाकडे येतो. काही कार्यकर्ते मला म्हणाले की ही तांत्रिक बाब आहे, तंत्रज्ञाला बोलवावे, चळवळीने आपला वेळ मोठ्या प्रश्नांवर घालवावा. मी विचारतो, तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला होता की! त्याच्या येण्यानेच दोन फाइली तयार झाल्या. तंत्रज्ञाचे ज्ञान कमी नव्हते. पण तो रोज त्या खुर्चीवर बसत नाही. लॅपटॉप कोणत्या दिवशी रांगतो आणि कोणत्या दिवशी बंद पडतो, हे रोज बसणाऱ्यालाच दिसते. आणि रोज बसणाऱ्याने आधीच मान्य करून टाकलेले असते की दोष आपल्याच हातात आहे. अर्ज ऑनलाइन, निकाल ऑनलाइन, हॉलतिकीट ऑनलाइन, जात पडताळणी ऑनलाइन. ज्या यंत्रातून आपल्या पोरांचे सगळे हक्क जातात ते यंत्र उघडून वाचणे हा चळवळीचा प्रश्न नाही, तर कोणाचा आहे? यासाठी इंजिनिअर व्हावे लागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत ऐकायला मिळतात, फुकट. एका बैठकीला जितका वेळ जातो तितक्या वेळात पहिले काही धडे होतात.

दुसरा आक्षेप असा आला की जुने यंत्र फेकून नवे मागावे. मागावे जरूर, आपल्याला भंगार देऊन कोणी उपकार करू नये. पण नव्या यंत्रात हे भांडण नसेल असे समजू नका. नव्या उबुंटूत ‘पॉवर प्रोफाइल्स डीमन’ नावाची सेवा वेग आणि विजेचा ताळमेळ ठरवते. बॅटरी टिकावी म्हणून अनेक जण वरून ‘टीएलपी’ नावाचे दुसरे साधन टाकतात. दोघे एकाच ठिकाणी लिहितात, आणि दोन्ही एकत्र ठेवू नका असे टीएलपीवालेच सांगतात. नाव बदलले, भांडण तेच. नव्या इंटेल प्रोसेसरमध्ये आणखी एक मेख आहे : तिथे ‘पॉवरसेव्ह’ हे नाव दिसले तरी तो जुन्या पॉवरसेव्हसारखा कायम तळाला बसत नाही, कामाप्रमाणे चढतो. म्हणून नुसते नाव वाचून घाबरू नका आणि नुसते नाव वाचून निश्चिंतही होऊ नका. काम चालू असताना प्रत्यक्ष वेग किती आहे आणि परवानगी किती आहे, हे दोन आकडे बघा.

या वर्षी आम्हाला पाच लॅपटॉप देण्याची तयारी एका गटाने दाखवली आहे. त्यांना आम्ही पत्र पाठवले. आभार मानले आणि दोन गोष्टी मागितल्या : प्रत्येक यंत्राचा प्रशासकाचा पासवर्ड आमच्या हाती द्यावा, आणि त्यात तुम्ही स्वतःहून जे काही टाकले, बदलले, बंद केले असेल ते एका कागदावर लिहून द्यावे. कार्यक्रम, हार आणि पाटी यांचे नंतर बघू, असेही लिहिले. पत्र गेल्याला तीन आठवडे झाले. फोनवर त्यांनी विचारले की इतका अविश्वास का. मी त्यांना अभ्यासिकेत येऊन वही बघायला बोलावले आहे.